चंद्राची कड आणि अण्णांचा डोळा

५ ऑक्टोबर १९९५

संपलं एकदाचं! चंद्राची अख्खी कड भरून झाली. शेवटचा आकडा टाकला तेव्हा मान अशी अवघडली होती की बराच वेळ नुसती पडद्याकडे बघत बसले.

सूर्यभान सरांनी नगरहून या कडेच्या आकड्यांच्या झेरॉक्सचा गठ्ठा पाठवला त्याला दोन महिने झाले. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांत हाताशी कॉम्प्युटर असलेली मी एकटी, आणि तोही साखर कारखान्याचा! चंद्राचा काठ लांबून गोल दिसतो, पण तिथे नुसते डोंगर आणि दऱ्या. गोलापेक्षा वर असेल तर अधिकचा आकडा, खाली असेल तर उणे. असे शेकड्यांनी आकडे. हंगाम सुरू होईपर्यंत कॉम्प्युटर रिकामाच असतो, म्हणून आमच्या ऊस विभागाचे साहेब, काकासाहेब, "बस बाई" म्हणाले. वर रोज विचारायचे, "आज चांदोबा किती टन भरला?"

आकडे मी वजनकाट्याच्या स्क्रीनवरूनच भरले. बोटांना तीच सवय, डोळे मिटून जमतं. माझा प्रोग्रॅम ती फाइल वाचतो, कड काढतो आणि सांगतो, २४ तारखेच्या सूर्यग्रहणात अमुक जागी उभे राहिलात तर सूर्य कधी पूर्ण झाकेल, कधी उघडेल. आज पहिल्यांदा अख्खी कड पडद्यावर आली. हिरवी, दातेरी, सगळे दात वर. काकासाहेब मागून म्हणाले, "ही तर करवत हाय." मला मात्र फार देखणी वाटली.

२४ तारखेला सर चार मुलांना घेऊन आग्र्याच्या खालच्या एका खेड्यात असतील. चंद्राच्या सावलीचा पट्टा तिथून जातो, आणि हे उभे राहणार त्या पट्ट्याच्या अगदी काठावर. मधोमध उभं राहिलं तर सूर्य सरळ झाकतो. काठावर एखादा डोंगर, एखादी दरी सगळं ठरवते. सरांना तेच ताडून बघायचंय. मला जाता येणार नाही. बॉयलर पेटायची वेळ आली, आता रजा मागायला तोंड नाही.

१४ ऑक्टोबर

विहारातून परत आलो आणि अण्णांनी उंबऱ्यात चपला काढता काढता सांगून टाकलं, "मी बी जानार तुझ्या सरांसंगं. रेल्वेचा पास हाय माजा. पडून ऱ्हायलाय."

आई हातातलं ताट घेऊन तशीच उभी राहिली. मी पण. कारण ग्रहणाच्या दिवशी आमच्या घरातलं माणूस रस्त्यावर दिसत नाही, हा नियम अण्णांनीच घातलेला.

गावाला वाटतं आम्ही ग्रहण पाळतो. उलटं आहे. अण्णा लहान असताना ग्रहण लागलं की आजी टोपली घेऊन गावात निघायची आणि अण्णा तिच्या मागे. "दे दान, सुटे गिराण" असं ओरडत घरोघर जायचं. आमच्या लोकांकडे ते कामच दिलेलं. छप्पन साली धर्म बदलला आणि आजीने ती टोपली चुलीत घातली. तेव्हापासून ग्रहणाला आमचं दार बंद. आपलं माणूस रस्त्यावर दिसलं की कोणाला वाटायचं, आले मागायला. तेवढंही कोणाला वाटता कामा नये, असं अण्णांचं.

आणि आज तेच म्हणाले, "टोपलीकडं बघायचं, देनाऱ्याच्या पायाकडं बघायचं. मान खाली. वर काय चाललंय ते कदी बघितलंच न्हाई म्या. आता एकदा बघनार."

आईने ताट खाली ठेवलं आणि विचारलं, "डबा काय देऊ?"

मग रांगोळीच्या ठिपक्यांसारखी एकेक भीती उमटायला लागली. अण्णांना एकच डोळा आहे. गँगमन होते तेव्हा रुळावर घण मारताना खडीचा कपचा उडाला आणि डावा गेला. सगळी भिस्त उजव्यावर. आणि ते तिथे सूर्याकडे बघणार, माझ्या आकड्यावर विसंबून. मी लगेच स्वतःला समजावलं की सर आहेत, मुलं आहेत, काळजीचं कारण नाही.

१७ ऑक्टोबर

सर कारखान्यात येऊन प्रिंट घेऊन गेले. कडेचं चित्र बघून "छान" म्हणाले, पण नजर वेळांवर होती. माझा प्रोग्रॅम म्हणतो, त्या खेड्यात सूर्य दहा-बारा सेकंद पूर्ण झाकेल. सर खूश!

चार मुलं चार दुर्बिणींवर. त्यांना डोळा लावायचाच नाही, सूर्य पांढऱ्या कागदावर पाडून बघायचा. अण्णा पाहुणे. त्यांच्यासाठी सरांनी स्वतःची जुनी, दोन्ही डोळ्यांनी बघायची दुर्बीण काढली आहे. पुढे काळी फिल्म चिकटवलेली. "सूर्य पूर्ण झाकला की मी शिटी मारेन. अण्णांनी फिल्म काढायची आणि मनसोक्त बघायचं. दुसरी शिटी झाली की डोळे बाजूला. आकडा तुझा, शिटी माझी."

घरी सांगितलं तर अण्णा हसले. "शिटी म्हंजी हुकूम. उभी हयात रेल्वेत शिटीवर चाललो मी. चुकायचो न्हाई."

ते चुकणार नाहीत, हे मला ठाऊकच आहे.

२० ऑक्टोबर

गेले. नीळ घातलेला पांढरा सदरा, गळ्यात आत्तापासूनच दुर्बीण. गाडी हलल्यावर खिडकीतून हात करत होते तो माझ्याकडे नव्हे, स्टेशनमास्तरकडे. सगळ्या फलाटाला कळलं, भीमराज गँगमन गिराण बघायला चालले.

२२ ऑक्टोबर

अक्षर वाचता येईल का मलाच, कोण जाणे.

आज रविवार, तरी हंगामाच्या चाचणीसाठी सगळ्यांना बोलावलं होतं. वजनकाट्यावर एका बैलगाडीचं वजन चुकून दोनदा पडलं. एक काढून टाकायचं म्हणून मी उणे दाबून तोच आकडा भरला. बेरीज कमी व्हायला हवी. वाढली! परत भरला, परत वाढली.

काकासाहेब पान लावत होते. म्हणाले, "काटा उणे घेतच न्हाई, बाई. मागच्या हंगामात एकाचं बोट चुकून उण्यावर पडलं अन् सगळी बेरीज कोलमडली. तवाच पुण्याच्या कॉम्प्युटरवाल्या मानसाकडून बंद करून घेतलं. उण्याची खूण गाळायची अन् आकडा ठेवायचा. ऊस काय उणा येतो व्हय कुटं?"

मला कधी कळलंच नव्हतं. काट्यावर उणे दाबायची वेळच येत नाही. आणि चंद्राचे आकडे मी तिथूनच भरले. शेकड्यांनी उणे आकडे! तेवढ्या सगळ्या दऱ्यांचे डोंगर केले मी. 'सगळे दात वर', इथेच लिहून ठेवलंय, 'फार देखणी' असंही लिहिलंय. देखणी! ज्या कडेला एकही खाच नाही ती चंद्राची कशी असेल, हा साधा प्रश्न पडला नाही मला.

काकासाहेब म्हणाले, "काय झालं, चेहरा का उतरला?" मी म्हटलं, चक्कर आली. चाचणी संपल्यावर झेरॉक्स पुढे घेऊन खालच्या बाजूचे तेवढे आकडे थेट फाइलमध्ये, उण्याच्या खुणेसकट, घातले. प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर कड आली, आणि बरोबर त्या जागी, जिथे सूर्याची शेवटची किनार झाकायला हवी, तिथे खोल दरी. त्या दरीतून सूर्य शेवटपर्यंत डोकावत राहणार. त्या खेड्यात तो पूर्ण झाकणारच नाही. एक सेकंदही नाही.

आणि सर माझ्या आकड्यावर शिटी मारणार. अण्णा फिल्म काढणार आणि दुर्बिणीतून उघड्या सूर्याकडे बघणार. मनसोक्त. म्हणे दुखत नाही. डोळ्याच्या आत जळतं आणि माणसाला काही कळत नाही, दुसऱ्या दिवशी मधोमध काळा डाग दिसतो आणि तो जात नाही. हे मीच शाळेतल्या मुलांना सांगून आले होते गेल्या आठवड्यात.

तशीच सायकलवर श्रीरामपूरला गेले. एसटीडी बूथवरून आग्र्याच्या लॉजला फोन. "वो लोग तो सुबह ही जीप से निकल गए." त्या खेड्यात फोन नाही. निरोप द्याल का? "कोई उधर जानेवाला मिला तो बोल देंगे." मग तार. सरांच्या नावाने, तिथल्या शाळेच्या पत्त्यावर. फिल्म काढू नका, सूर्य झाकणार नाही, अण्णांना दुर्बीण देऊ नका. तारबाबूने मजकूर वाचला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "दिवाळी हाय, ताई. पोचली तर पोचली."

२३ ऑक्टोबर

आईला अजून सांगितलेलं नाही. कसं सांगू? तुझ्या नवऱ्याचा उरलेला डोळा मी उसाच्या काट्यावर घालवला, असं?

सकाळी चहा तसाच ठेवून उठले. आई जवळ येऊन बसली. "शुभे, तू गिराणाला भेतीस का काय? आपन पाळत न्हाई म्हनून?" मी नाही म्हटलं. तिला पटलं नसावं, कारण नंतर शेजारणीला हळूच सांगत होती, "लई शिकलेली हाय, पन मनातून भ्यालीय."

काकासाहेबांनी तर कहरच केला. सगळ्या ऑफिससमोर म्हणाले, "गेल्या महिन्यात सगळा मुलूख गनपतीला दूध पाजत हुता तवा ही एकटी हसत हुती. अन् आता बघा, गिराणाच्या आदल्या दिवशी हिचंच तोंड वाळलंय!" सगळे हसले. मीही हसले. काय करणार?

परत फोन केला. लॉजवर दुसराच माणूस. त्याला कशाचाच पत्ता नाही.

आता एकच मागणं उरलंय, तिथे ढग येऊ देत. दोन महिने खपले या ग्रहणासाठी आणि आता ते दिसू नये म्हणून झुरतेय. कोणाकडे मागतेय तेही माहीत नाही. आमच्या घरात मागायची सवय मोडून चाळीस वर्षं होत आली.

गावात फटाके वाजताहेत. प्रत्येक आवाजाला दचकते.

२४ ऑक्टोबर

झालं ते झालं. इथे स्वच्छ ऊन होतं. तिथेही असणार.

आईने नेहमीप्रमाणे पुढचं दार लावून घेतलं. आमच्याकडे सूर्य पूर्ण झाकणार नव्हताच, पाऊणएक जाणार होता. ऊन हळूहळू पिवळट, मग राखाडी झालं. मागच्या अंगणात कडुनिंबाखाली पानांमधून येणारे कवडसे सगळे चंद्रकोरीसारखे झाले. शेकडो कोरी शेणाने सारवलेल्या जमिनीवर हलत होत्या. एरवी मी नाचले असते. तिथे उभं राहवेना, घरात येऊन घड्याळासमोर बसले.

वेळ जवळ आली आणि दार वाजलं. वाटलं, तार! धावत उघडलं. वरच्या आळीच्या राहीबाई होत्या, ऐंशीच्या पुढच्या, सुपात ज्वारी घेऊन.

"भागिरथी, कोनी आलंच न्हाई गं मागायला. म्हनून मीच आले. दान दिल्याबिगर सुटायचं कसं ते?"

आईने पदर नीट केला. आवाज अजिबात चढवला नाही. "राहीबाई, आमी आता मागत न्हाई अन् घेत बी न्हाई. तुमी आत या. बसा. च्या टाकते."

"गिराणात च्या?"

"मंग सुटल्यावर घ्या. बसा तर खरं."

त्या बसल्या नाहीत. दारातच उभ्या, सूप कमरेला टेकवलेलं. आईही दारात. आणि माझं लक्ष घड्याळाकडे. त्या दोघी बोलत असतानाच ती वेळ आली. शिटी. फिल्म. मी डोळे गच्च मिटून घेतले, जणू माझे मिटले की अण्णांचे मिटतील. राहीबाईंचा आवाज येत होता, "तुजी सासू बिचारी लई मोठ्यांदा ओरडायची, पार आमच्या वाड्यापर्यंत ऐकू यायचं." आई काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही.

उघडले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. राहीबाई सूप घेऊन परत चालल्या होत्या.

मग आईला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्यांना म्हाईत हाय का, आकडा चुकलाय ते?" नाही म्हटलं. "मंग ते काडनारच फिल्म," म्हणाली आणि चुलीपाशी गेली.

संध्याकाळी शेजारी टीव्हीवर दाखवलं. उत्तरेत सगळीकडे आकाश निरभ्र. लोक टाळ्या वाजवत होते.

२५ ऑक्टोबर

ना तार, ना फोन.

२६ ऑक्टोबर

आले!

गाडी उशिरा. मी आणि आई फलाटावर. कोणीतरी हाताला धरून उतरवेल या भीतीने मी डब्याच्या दाराकडे बघूच शकत नव्हते. आईनेच कोपर मारला. अण्णा एकटे उतरले, पिशवी खांद्यावर, गळ्यात दुर्बीण, आणि लांबूनच ओरडले, "शुभे, वाळलीस का गं येवढी?"

लांबून! मला बघून! मी फलाटावरच रडायला लागले. मग घाईघाईने तपासायला सुरुवात केली. समोरची पाटी वाचा. त्या हमालाच्या बिल्ल्यावर काय आहे? मधोमध काळं दिसतं का? "काय चाललंय हिचं?" अण्णा आईला विचारत होते.

सर नगरला उतरायचे होते, पण मला सांगायला म्हणून दारात आले होते. तार पोचलीच नव्हती. "शुभांगी, तुझा आकडा पार चुकला," म्हणाले, पण आनंदात. "खालच्या बाजूला एक ठिणगी शेवटपर्यंत विझली नाही. पोरांनी कागदावर तिची नोंद केलीय. सुंदर!" मी तिथेच उण्याची भानगड सांगितली. सरांचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी वळून अण्णांकडे बघितलं. "मी शिटी मारली होती," म्हणाले. "माझं लक्ष कागदावर होतं. मी अण्णांकडे बघितलंच नाही." तेवढ्यात गाडी हलली.

घरी आल्यावर अण्णांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना जमवून सगळं सांगितलं. अंधार कसा पडला, पाखरं कशी झाडावर परतली, कुत्री कशी ओरडली. "अन् सूर्य?" कोणीतरी विचारलं. "लई झ्याक," म्हणाले अण्णा आणि पाणी मागितलं.

म्हणजे बघितलंय. डाग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही उमटू शकतो. भीती गेलेली नाही, नुसती बसलीय जवळ.

२७ ऑक्टोबर

श्रीरामपूरला डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. अण्णा यायला तयार नव्हते, आईने डोळे वटारले तेव्हा आले. औषध घालून बाहुली मोठी केली, बत्ती लावून आतपर्यंत बघितलं. मी भिंतीला टेकून उभी होते.

डॉक्टर म्हणाले, "पडदा स्वच्छ आहे. नखाएवढीही खूण नाही. या माणसाने दुर्बिणीतून सूर्य बघितला असं मला तरी वाटत नाही."

मी अण्णांकडे बघितलं. ते भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचण्यात गुंग होते. येताना मी त्यांना काही विचारलं नाही. डोळा वाचला, हे पुरे आहे, असं घोकत सायकल हातात धरून त्यांच्याबरोबर चालत आले.

२९ ऑक्टोबर

आज ओट्यावर दोघंच होतो. अण्णा आपणहून म्हणाले, "डॉक्टर बोलला ते खरं हाय. म्या बघितलंच न्हाई. शिटी झाली, फिल्म काडली. तेवढ्यात अंधारलं, लांब गावातली मानसं ओरडाया लागली, अन् मान आपोआप खाली गेली. दुर्बीण गळ्यात तशीच. अन् हात... हात पुढं झाला हुता गं. टोपली धरल्यावानी."

मी सांगितलं, चार वर्षांनी ऑगस्टात परत एक ग्रहण आहे.

"मंग तवा तू संगं चल," म्हणाले. "आकडा नीट काड. अन् शिटी झाली की माजी हनुवटी धरून वर कर."